शून्य पाऊस की मुकं यंत्र?

२४ तासांत ६५ मिलिमीटर. धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हा आकडा विचारा, तोंडपाठ असतो. महसूल मंडळात यापेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. मग पंचनामे, मग मदतीची वाट पाहणं. ६४ नोंदला गेला तर सोयाबीन पाण्यात उभं असलं तरी मंडळ अतिवृष्टीच्या यादीबाहेर. तुळजापूर भागातल्या द्राक्षबागायतदाराचं गणित याहून बारीक. हवामानावर आधारित फळपीक विम्यात पाऊस, तापमान, आर्द्रता यांचे ट्रिगर ठरलेले असतात आणि ते ओलांडले की नाही हे ठरतं स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून.

राज्याच्या कृषी विभागानं २०१७ पासून स्कायमेट या हवामान कंपनीबरोबर ‘महावेध’ प्रकल्पात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत अशी केंद्रं उभारली. दर दहा मिनिटांनी नोंद. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारचा ‘विंड्स’ हा हवामान-नोंदींचा उपक्रम आला, त्यात ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक नेण्याचा बेत आहे. भूजलाची पातळी मोजणारे डिजिटल नोंदक बोअरच्या तोंडावर बसू लागले आहेत. शिवाय बागायतदार स्वतःच्या खिशातून बागेत नोड म्हणजे छोटी सेन्सर-यंत्रं लावतात: पानांचा ओलावा, मातीचा ओलावा, तापमान. बांधावर, टाकीवर, विहिरीच्या कठड्यावर हळूहळू बिनतारी यंत्रांची एक वस्तीच उभी राहते आहे.

या सगळ्यांच्या डेटावर बोलायला माणसं भरपूर आहेत. मला या लेखात दुसऱ्याच गोष्टीचा आढावा घ्यायचा आहे. ही यंत्रं स्वतःबद्दल काय बोलतात आणि किती बोलतात? ‘आज पाऊस शून्य’ असं यंत्रानं कळवलं तर त्याचे दोन अर्थ निघतात. पाऊस पडला नाही, किंवा नरसाळ्यात गांधीलमाशीनं घर केलंय आणि पाणी खाली उतरतच नाही. तिसराही अर्थ असतो: यंत्र रात्रभर बंद होतं, सकाळी उठलं आणि त्याला काही आठवतच नाही. आकडा तिन्ही वेळा तोच, शून्य.

फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या चिपमधला प्रोग्रॅम, लिहिणारा माणूस काम करताना जागोजागी ‘प्रिंट मारतो’. सेन्सर सुरू झाला, प्रिंट. बॅटरी ३.९ व्होल्ट, प्रिंट. रेडिओ जोडायचा प्रयत्न पहिला, दुसरा, तिसरा, प्रिंट, प्रिंट, प्रिंट. या ओळी सीरियल तारेतून लॅपटॉपवर येतात आणि यंत्राच्या पोटात काय चाललंय ते दिसतं. ईएसपी-३२ सारख्या चिपच्या अधिकृत चौकटीत या बोलण्याच्या पाच पायऱ्या आहेत: एरर, वॉर्निंग, इन्फो, डीबग आणि सगळ्यात शेवटची व्हर्बोज. मराठीत सांगायचं तर चूक, इशारा, माहिती, तपास आणि निव्वळ बडबड. बाकावर काम करताना बडबड हवीच असते. प्रश्न येतो यंत्र डब्यात बंद करून बागेत खांबावर चढवायच्या दिवशी. आता या ओळींचं काय करायचं?

धंद्यात दोन घराणी आहेत. एक म्हणतं, सगळं काढून टाका, शेतात ऐकायला कोण बसलंय? दुसरं म्हणतं, राहू द्या, काय खातंय? दोघांचीही फजिती मी पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा फजितीत मी स्वतः होतो.

आधी ‘काय खातंय’चा हिशेब करू. सीरियल तारेवर एक अक्षर जायला दहा बिट लागतात. ९६०० बॉड या जुन्या, सवयीच्या वेगानं सेकंदाला ९६० अक्षरं. नोड दर दहा मिनिटांनी जागा होतो, म्हणजे दिवसातून १४४ वेळा. दर वेळी तो ६० अक्षरांच्या ४० ओळी बडबडला तर २,४०० अक्षरं, अडीच सेकंद. रेडिओ बंद ठेवूनही या चिपला जागं राहायला साधारण ४० मिलिअँपिअर लागतात. दिवसभराची बेरीज ४ मिलिअँपिअर-तास. आता ही चिप गाढ झोपेत असताना १० मायक्रोअँपिअर खाते, म्हणजे अख्ख्या दिवसाच्या झोपेचा खर्च ०.२४. कुणीही न ऐकणारी बडबड दिवसभराच्या झोपेच्या सोळापट महाग पडली! वेग १,१५,२०० केला तर खर्च बारा पटींनी उतरतो, तरी झोपेपेक्षा जास्तच राहतो. श्रावणात आठवडाभर ऊन न दिसलेल्या सौर पॅनेलला हे विचारून पाहा. वर बोर्डावरची यूएसबीची चिप आणि तो लाल दिवा. तो दिवा कुणासाठी जळतो हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

याहून गमतीची चूक म्हणजे वाट बघणारं यंत्र. काही बोर्डांवर यूएसबी थेट मुख्य चिपमध्येच असते. तिथं नवशिका माणूस नमुना प्रोग्रॅममधली एक ओळ उचलतो: सीरियल तयार होईपर्यंत थांब. बाकावर लॅपटॉप जोडलेला असतो, त्यामुळे यंत्र झटक्यात सुरू होतं. बागेत लॅपटॉप नाही, यंत्र थांबून राहतं, जन्मभर. मग माणूस मोटारसायकलवर येतो, खोका उघडतो, लॅपटॉप जोडतो, आणि यंत्र मस्त चालू! तो परत जातो. यंत्र परत मुकं. दोन-तीन चकरांनंतर बागेतले आबा म्हणतात, ‘‘तुमी आला की बोलतंय, तुमी गेला की गप. लाजतंय का काय?’’ लाजतच होतं म्हणा.

म्हणून सगळं काढून टाकावं? इथं दुसरी फजिती येते, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

पर्जन्यमापकाच्या पोटात तराजूसारखी दोन खणांची छोटी पन्हाळ असते. एक खण भरला की ती कलंडते, दुसरा खण वर येतो. दर कलंडीला चुंबक एका रीड स्विचवरून सरकतो आणि एक ठोका मोजला जातो. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याला ०.२ मिलिमीटर पाऊस म्हणजे ६.२८ मिलिलिटर पाणी. तेव्हा तपासणी सोपी आहे: ६२८ मिलिलिटर पाणी सलाइनच्या नळीनं थेंबथेंब सोडायचं, १०० ठोके यायला हवेत, म्हणजे २० मिलिमीटर पाऊस. मी तसं केलं. बडबड चालू होती, दर ठोक्याला एक लांबलचक ओळ छापली जात होती. ठोके शंभर. समाधान. मग बडबड काढली, डबा बंद करण्याआधी सवय म्हणून पुन्हा ६२८ मिलिलिटर सोडलं. ठोके १८७.

पाणी तेच, नळी तीच, यंत्र तेच. बराच वेळ मी चुंबकाला दोष देत होतो. दोष माझ्या ओळीचा होता, म्हणजे ती ओळ आता तिथं नव्हती याचा. स्विचची धातूची पाती एकदा चिकटताना दोन-तीनदा थरथरतात, काही मिलिसेकंदांत शांत होतात. माझा प्रोग्रॅम त्या स्विचच्या पिनकडे फिरूनफिरून बघत होता. आधी दर ठोक्यानंतर तो शंभराहून जास्त अक्षरं छापायला थांबायचा. बफर भरायचा, चाळीस-पन्नास मिलिसेकंद त्यातच जायची, तोवर थरथर संपलेली. बडबड काढल्यावर प्रोग्रॅम चपळ झाला आणि एकेक थरथर पावसाचा थेंब म्हणून मोजू लागला. हाच डबा मी मंडळाच्या केंद्रावर लावला असता तर ३५ मिलिमीटर पाऊस ६५ च्या वर गेला असता. उपाय दोन ओळींचा: एका ठोक्यानंतर १०० मिलिसेकंद डोळे मिटायचे. तासाला १०० मिलिमीटरचा धो-धो पाऊस धरला तरी दोन ठोक्यांत सात सेकंद असतात, त्यामुळे काही निसटत नाही. पण चूक सापडली ती निव्वळ सवयीमुळे. तपासलेलं यंत्र आणि शेतात गेलेलं यंत्र ही दोन वेगळी यंत्रं होती.

प्रोग्रॅमर या जातीच्या चुकांना हायझेनबग म्हणतात, बघायला गेलं की पळणारी चूक. जिथं वेळेचा हिशेब मिलिसेकंदांत असतो तिथं प्रत्येक छापलेली ओळ यंत्राचं वागणं बदलते. म्हणूनच अवकाशयानांच्या जगात एक जुना दंडक आहे: जे उडवायचं तेच तपासा, जे तपासलं तेच उडवा. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक पुन्हापुन्हा स्वतःला रीसेट करू लागला. हवामानाची नोंद घेणारं हलक्या दर्जाचं काम एक कुलूप धरून बसायचं. मधल्या दर्जाचं संदेशवहनाचं काम त्याला बाजूला सारायचं. आणि वरच्या दर्जाचं काम त्या कुलपापाशी ताटकळलं की पहारेकरी टायमर सगळं यान रीसेट करायचा. यानाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ग्लेन रीव्हज यांच्या चमूनं घटनांची नोंद ठेवणारी सोय उड्डाणाच्या प्रोग्रॅममध्येच राहू दिली होती. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तीच नोंद चालू करून त्यांनी रीसेट घडवून आणला, कारण शोधलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. मला यात आवडतं ते हे, की गोंधळाच्या मुळाशी तिथंही हवामान केंद्रच होतं.

बिनतारी सेन्सरांच्या पहिल्या पिढीकडे बोलायला तोंडच नव्हतं. टायनीओएस या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या बर्कलेच्या नोडना तीन दिवे असत, लाल, हिरवा, पिवळा. त्यांच्या उघडझापीवरून पोटातली गोष्ट ओळखायची. शेतातला धडा मिळाला तो नेदरलँड्समध्ये. डेल्फ्टच्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास बटाट्याच्या शेतात शंभराच्या आसपास नोड पेरले, करपा कधी येईल याचा अंदाज बांधायला. आपल्याकडे द्राक्षावर केवडा म्हणजे डाऊनी कधी येईल हे जसं पानाच्या ओलाव्यावरून काढतात, अगदी तसं. पहिल्या हंगामात अपेक्षित डेटापैकी हातात आला फक्त दोन टक्क्यांच्या आसपास. त्यांचा मोठेपणा असा, की २००६ मध्ये ‘मर्फीला बटाटे आवडतात’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली त्यांनी आपली सगळी फजिती छापली. या विषयात यशाच्या शंभर निबंधांपेक्षा तो एक वाचावा. कॅलिफोर्नियातल्या ‘सिम्पथी’ या साधनानं २००५ मध्ये वेगळी वाट दाखवली: नोडनं अधूनमधून स्वतःच्या तब्येतीचे मोजके आकडे पाठवायचे, आणि डेटा कमी येणं हीच बिघाडाची पहिली खूण मानायची.

भारतात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रसंस्थेबरोबर तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड या कोरडवाहू भागात असं सेन्सरांचं जाळं लावलं होतं. आयआयटी मुंबईत उदय देसाई यांच्या गटाचं ‘ॲग्रीसेन्स’ नाशिकला सुला व्हाइनयार्ड्सच्या द्राक्षांत उतरलं. हे प्रयोग झाले तेव्हा नोड हजारोंत महाग होते आणि प्रत्येकामागे एक एम.टेक.चा विद्यार्थी होता. आता नोड स्वस्त झालेत, विद्यार्थी गेलाय. भूम किंवा परंड्याच्या एखाद्या शिवारातला डबा बंद पडला तर तिथं जाणारा माणूस चाळीस किलोमीटरवरून येतो आणि त्याच्याकडे बहुतेक वेळा लॅपटॉप नसतो, पाना आणि नवी बॅटरी असते. बडबडीचा सगळा प्रश्न या बदलामुळे नव्यानं मांडावा लागतो. सीरियल तारेवरचं बोलणं आता निरुपयोगी आहे, कारण तारेच्या टोकाला माणूसच नाही.

मग तेच बोलणं रेडिओवरून पाठवावं? इथं हवेत जागा नाही. आपल्याकडे लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओची यंत्रं ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या परवानामुक्त पट्ट्यात बोलतात. लांबच्या नोडला सर्वांत सावकाश वेग वापरावा लागतो, तेव्हा लोरावॅन या लोराच्या जाळ्याच्या नियमांत एका संदेशात मजकूर मावतो ५१ बाइट, आणि तेवढा जायला लागतात पावणेतीन सेकंद. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘धाराशिव’ एवढा एक शब्द लिहिला की २१ बाइट संपले! इंग्रजीत लिहिलं तरी ‘सेन्सर सुरू झाला’ छापाच्या चाळीस ओळी कुठं बसणार? त्यात आपली वीज. नोडचे संदेश पकडणारा गेटवे वस्तीवरच्या गच्चीवर असतो, लाइट गेली की तो गेला. सगळे नोड एकदम हाका मारू लागतात, बॅटरी त्यातच जळते, आणि लाइट आली की सगळे एकाच वेळी जोडायला धावतात. अशा वेळी ‘जोडणी फसली’ हे वाक्य प्रत्येकानं प्रत्येक वेळी पूर्ण उच्चारलं तर जोडणी आणखी फसते.

यावरचा तोडगा आपल्याकडच्या जुन्या माणसांना नवा वाटणार नाही. २०१३ च्या जुलैत बंद झालेली तारसेवा आठवा. शुभेच्छांच्या तारेला ठरावीक वाक्यं होती आणि प्रत्येकाला क्रमांक. तुम्ही खिडकीवर फक्त क्रमांक द्यायचा, तारेवरून क्रमांक जायचा, आणि लग्नघरी पोस्टमन पूर्ण वाक्य आणून द्यायचा. आजचं चांगलं फर्मवेअर हेच करतं. वाक्यं कचेरीतल्या संगणकावर कोशात राहतात, यंत्रात उरतो फक्त वाक्याचा क्रमांक आणि त्यातला आकडा. झेफिर या कार्यप्रणालीत शब्दकोशावर चालणारी नोंद आहे, रस्ट भाषेत डी-एफएमटी आहे, गूगलच्या पिगवीडमध्ये टोकनायझर आहे. ६० अक्षरांची ओळ तीन-चार बाइटांत बसते. वेळ इतका कमी लागतो की तपासलेलं आणि शेतातलं यंत्र बरंचसं एकच राहू शकतं.

क्रमांक झाले तरी ठेवायचे कुठं? यंत्राच्या स्मृतीत गोल वही ठेवावी: जुनं पान पुसून त्यावर नवं. गाढ झोपेतही टिकणारी काही किलोबाइट स्मृती ईएसपी-३२ मध्ये असते, ती यासाठी पुरते. वीज पूर्ण गेली तर ती पुसली जाते, म्हणून महत्त्वाचं तेवढं फ्लॅशवर लिहायचं. पण फ्लॅशलाही आयुष्य आहे. एक खण साधारण एक लाख वेळा पुसता येतो. दर दहा मिनिटांनी त्याच खणात लिहीत बसलात तर १४४ च्या हिशेबानं दोन वर्षांच्या आतच तो झिजेल. हमीची मुदत संपते त्याच सुमारास, असं एका मित्रानं खवचटपणे सांगितलं.

एक धोका मात्र यंत्राच्या तब्येतीचा नाही, माणसाच्या निष्काळजीपणाचा आहे. बडबडीत सगळं येतं: वायफायचा पासवर्ड, लोरावॅनची ३२ आकडी-अक्षरी किल्ली, ज्याला एसएमएस जातो त्या शेतकऱ्याचा मोबाइल नंबर. आणि डबा कुठं असतो? बांधावर, रस्त्याकडेला, दोन स्क्रूंच्या भरवशावर. तीन तारा आणि दोनशे रुपयांचा एक तुकडा जोडला की यंत्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं सांगतं. ज्या नोंदीवर विमा ठरतो तिची किल्ली अशी चव्हाट्यावर असू नये. या ओळी अपवाद न करता काढायच्याच, तिथं माझं पहिल्या घराण्याशी एकमत आहे.

बाकीच्या बाबतीत माझं मत असं झालंय, की बडबड प्रोग्रॅममधून खोडायची नाही, तिला झोपवायची. वरून हुकूम आला की तासभर जागी व्हावी आणि आपोआप परत झोपावी. आपोआप हे महत्त्वाचं. कारण जागी केलेली बडबड बंद करायला माणूस हमखास विसरतो. पण रोजच्या रोज जे पाठवायचं ते फार थोडं असतं. गेल्या वेळी यंत्र का रीसेट झालं: वीज गेली, पहारेकरी टायमरनं मारलं, की रेडिओच्या झटक्यानं व्होल्टेज खाली बसलं? या एका आकड्यानं माझ्या निम्म्या चकरा वाचल्या असत्या. पाठवताना बॅटरी किती खाली गेली. निवांत असतानाचं व्होल्टेज फसवं असतं. सिग्नल किती क्षीण आला. बोअरच्या तोंडावर लोखंडी टोपण घातलं की तो कसा मरतो हे यात लगेच दिसतं. जोडणी किती वेळा फसली. डब्यातलं तापमान, कारण मे महिन्यात बाहेर ४२ असलं तरी बंद डब्यात ते साठीकडे जातं. संदेशाचा चढता क्रमांक, म्हणजे मधले किती हरवले ते कळतं. सगळं मिळून दहा-बारा बाइट.

सेन्सरचीही तब्येत कळवता येते, पण तिथं यंत्राला शिवार समजायला हवं. बोर्डो मिश्रण फवारल्यावर पानाच्या ओलाव्याच्या सेन्सरवर निळसर थर बसतो आणि सेन्सर भर दुपारी ‘ओलं’ म्हणत राहतो. आर्द्रता ३० टक्के, ऊन कडक, आणि पान बारा तास ओलं? हे विसंगत आहे, एवढं यंत्रानं स्वतः ओळखून एक क्रमांक पाठवला तर बागायतदार केवड्याची जादा फवारणी मारत नाही. पर्जन्यमापकाचंही तसंच. आर्द्रता शंभराला टेकली, तापमान अर्ध्या तासात आठ अंशांनी उतरलं, आणि ठोका एकही नाही. वळवाच्या पावसात असं घडतं तेव्हा मी आता ‘शून्य’ पाठवत नाही. शून्याशेजारी एक संशयाचा बिट पाठवतो.

हा बिट विमा किंवा पंचनाम्याच्या कामाला येतो का? सध्याच्या व्यवहारात माणसं आकडा बघतात. यंत्राची तब्येत सहसा कुणी मागत नाही. शेतकऱ्यानं तक्रार केली की हाच आकडा पुरावा म्हणून पुढे येतो आणि त्याच्याविरुद्ध बोलायला त्याच्याकडे मोबाइलमधला फोटो असतो. यंत्र त्या रात्री जागं होतं का, बॅटरी किती होती, शेवटचा ठोका कधी पडला, हे तीन आकडे पावसाच्या नोंदीशेजारी चावडीवर लावले तर भांडणं मिटतील असं नाही, पण ती निदान नेमक्या जागी होतील.

गेल्या हंगामात एका नोडनं सलग तीन दिवस तो संशयाचा बिट पाठवला. गेलो. नरसाळ्यात चिमणीनं काड्या रचल्या होत्या. बागेच्या मालकांनी, दादांनी, शिडी धरली, मी काड्या काढल्या, बाटलीतलं पाणी ओतलं आणि मोबाइलकडे बघत बसलो. दहा मिनिटांनी आकडा आला. बिट गेला होता, पाऊस ३.६ मिलिमीटर.

‘‘आता हा पाऊस आमच्या नावावर धरनार का?’’ दादांनी विचारलं. तो पुसायला मला लॅपटॉप उघडावा लागला.